टाकीखाली ओटी पिवळी, खालच्या आळीत कोरी

पत्र:

आमचे गाव अकराशे वस्तीचे. ओढ्याकाठची सार्वजनिक विहीर आणि एक बोअर, दोन्हींचे पाणी ५० हजार लिटरच्या उंच टाकीत चढते. टाकी रोज एकदा भरते आणि आज अर्ध्या गावाला, उद्या उरलेल्या अर्ध्याला पाणी सुटते. पाऊस लागला की खालच्या आळीत जुलाबाचे रुग्ण वाढतात, वरच्या आळीत नाही. जलसुरक्षक म्हणतात, मी रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, टाकीखालच्या नळाला ओटी (पाण्यातला क्लोरीन दाखवणारे ऑर्थोटोलिडिनचे थेंब) पिवळी येते. खालच्या आळीत आम्ही स्वतः तपासले तर रंगच येत नाही. मधल्या आळीतले लोक उलट ‘औषधाचा वास मारतो’ म्हणून नळाचे पाणी पीत नाहीत, जार विकत घेतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे: नळाचा नमुना जैविकदृष्ट्या पिण्यास अयोग्य, बोअरचे नायट्रेट ६२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, विहिरीचे १८. ग्रामसभेत आता आरओ बसवण्याचा ठराव येणार आहे. टीसीएल वाढवायची का? आरओ घ्यायचा का? आधी काय करावे?

— ग्रामपंचायत सदस्य, मराठवाडा

उत्तर:

ताई, टीसीएल लगेच वाढवू नका. आरओचा ठराव महिनाभर पुढे ढकला. आणि पुढच्या वेळी पाणी सुटेल तेव्हा ओटीची बाटली घेऊन टाकीपासून खालच्या आळीपर्यंत चालत जा. जलसुरक्षक खोटे बोलत नसावेत, पण ते मोजतात चुकीच्या जागी. टाकीखालच्या नळाचा पिवळा रंग एवढेच सांगतो की टाकीत पावडर पडली. माणसे पाणी पितात ते आळीतल्या नळाचे, आणि पाणी सुरक्षित आहे की नाही ते वाहिनीच्या शेवटच्या नळावर ठरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, उरलेला मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा असे म्हटले आहे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. साथीच्या दिवसांत ०.५ धरूनच चाला.

तोपर्यंत खालच्या आळीला थांबवून ठेवायचे नाही. आजपासून त्या आळीत पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळायचे, झाकून गार करायचे. सरपण किंवा गॅस परवडत नसेल त्यांना आशाताईंकडून मेडिक्लोर (पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब) मिळवून द्या. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकून अर्धा तास थांबले पाहिजे. थेंब टाकून लगेच प्यायले तर त्याचा उपयोग नाही. एकाच आळीत दोन-तीन दिवसांत जुलाबाचे तीन-चार रुग्ण दिसले की प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. रुग्णसंख्या वाढायची वाट पाहू नका.

आता ओटीची फेरी. तपासनळी त्याच नळाच्या पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, किटवर सांगितले तेवढेच थेंब टाका आणि पहिल्या दहा सेकंदांत रंग किटच्या रंगपट्टीशी जुळवून आकडा पाहा. हा मोकळ्या क्लोरीनचा रंग. जंतू झपाट्याने मारतो तो हाच. मग नळी तशीच सावलीत ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. ही दुसरी नजर बहुतेक गावांत कोणी टाकतच नाही, आणि तुमच्या मधल्या आळीचे कोडे तिथेच सुटण्याची शक्यता आहे. आधी कोरी असलेली नळी नंतर पिवळी पडत गेली, तर पाण्यात क्लोरीन आहे पण तो अमोनियाशी बांधला गेला आहे. अमोनिया येतो गटार, शेण, मूत्र यांतून. अशा बांधलेल्या क्लोरीनलाच तो उग्र, नाकात जाणारा वास असतो. म्हणजे मधल्या आळीत ‘औषध जास्त झाले’ म्हणून वास येत नसेल, तर घाण शिरल्यामुळे औषध कमी पडले म्हणून येत असेल. लोकांची तक्रार खरी आहे, त्यांनी काढलेला अर्थ मात्र उलटा असू शकतो.

दोन सावधगिऱ्या. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर ओटी क्लोरीनशिवायही पिवळी पडते, म्हणून बोअरचे कच्चे पाणी, टीसीएल न टाकलेले, एकदा तपासून घ्या. तेही पिवळे आले तर ओटीवर विसंबू नका. आरोग्य केंद्राकडे किंवा पाणीपुरवठा विभागाकडे डीपीडीचे (क्लोरीन तपासायच्या दुसऱ्या रसायनाचे) किट मागा, त्यात रंग गुलाबी येतो. आणि ओटीचे द्रावण आम्लात बनवलेले व विषारी असते. हाताला लागू देऊ नका, तपासलेले पाणी कोणाच्या भांड्यात ओतू नका, बाटली मुलांच्या हाती पडणार नाही अशी ठेवा.

फेरीला तीन जण लागतील, कारण पाणी सगळीकडे एका वेळी पोचत नाही. टाकीखालचा नळ, वरच्या आळीचा शेवट, मधल्या आळीची सुरुवात, मधल्या आळीचा शेवट, खालच्या आळीतले अगदी टोकाचे घर, अशी निदान पाच ठिकाणे धरा. प्रत्येक ठिकाणी दोन नमुने: नळाला आलेले पहिले पाणी आणि दहा मिनिटे वाहिल्यानंतरचे पाणी. वहीत ठिकाण, वेळ, दहा सेकंदांचा आकडा, पंधरा मिनिटांचा आकडा, पाणी गढूळ की स्वच्छ, एवढे लिहा. तुमच्याकडे दोन पाळ्या आहेत, म्हणून दोन्ही दिवशी फिरा.

वही समोर ठेवली की दोष बराचसा आपोआप उघडा पडतो. टाकीखालीच आकडा ०.३च्या आत असेल तर मात्रा कमी पडते किंवा पावडर मेलेली आहे. टाकीखाली ०.८, वरच्या आळीत ०.६ आणि मधल्या आळीनंतर एकदम शून्य, तर त्या दोन ठिकाणांच्या मधल्या वाहिनीत घाण शिरते आहे. तेवढाच तुकडा तपासायचा, सगळे गाव खणायचे नाही. पहिले पाणी कोरे व गढूळ आणि दहा मिनिटांनंतरचे बरे असेल, तर पाणी बंद असतानाच्या काळात वाहिनीत काहीतरी ओढले जाते. आकडा कुठेही एकदम न पडता हळूहळू उतरत गेला, तर वाहिनीच्या आत गाळ आणि चिकट थर साचला आहे व तोच क्लोरीन खातो आहे. आणि खालच्या आळीला बोअरचे पाणी टाकीला वळसा घालून थेट सोडले जात असेल, तर तिथे रंग येईलच कसा? हे पाणी सोडणाऱ्या माणसाला एकांतात, प्रेमाने विचारा. चारचौघांत विचारलेत तर उत्तर मिळणार नाही.

एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात नेमके काय घडते ते कळले पाहिजे. पाणी सुरू असताना नळातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून फुटलेल्या जागेतून पाणी बाहेर येते. आपण म्हणतो, थोडी गळती आहे, चालायचेच. पाणी बंद झाले की वाहिनी उताराकडे रिकामी होऊ लागते, आत पोकळी तयार होते आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर गटार असेल तर गटाराचे. उताराच्या टोकाला तुमची खालची आळी आहे, त्यामुळे पुढच्या खेपेला ते सगळे आधी तिच्याच घागरीत पडते. पावसात गटारे भरून वाहतात आणि जमीन ओली असते, म्हणून दोष बारा महिने असला तरी जुलाब पावसातच दिसतात.

शोधायच्या जागा ठरलेल्या असतात. व्हॉल्व्हचे खड्डे पहिले. झाकण नाही, आत गुडघाभर काळे पाणी आणि त्यात बुडालेला व्हॉल्व्ह, हे दृश्य कोणत्याही तालुक्यात दिसेल. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळची पॅकिंग गेलेली असते आणि पाणी बंद झाल्यावर ते काळे पाणी तिथूनच आत जाते. दुसरी जागा गटार ओलांडणारी वाहिनी, विशेषतः मोरीखालून गेलेला पीव्हीसी पाइप, ज्याचा सांधा ट्रॅक्टरच्या वजनाने सरकलेला असतो. तिसरी, घरोघरचे नळखड्डे. दाब कमी म्हणून लोक जमिनीत हातभर खड्डा खणतात, नळ त्यात उतरवतात आणि तोटी काढून टाकतात. खड्ड्यात सांडपाणी साचते, नळाचे तोंड त्यात बुडते आणि पाणी बंद झाले की तो नळ ते सांडपाणी उलटे पिऊ लागतो. एक असा खड्डा अख्ख्या आळीला पुरतो. चौथी, नळाला थेट लावलेली मोटार. मोटार वाहिनीतून पाणी ओढते तेव्हा पुरवठा सुरू असतानाही शेजारच्या फटीतून घाण आत येते.

गळती हुडकायला यंत्र लागत नाही. पाणी सोडा, त्या तुकड्यावरच्या घरांना पंधरा मिनिटे नळ बंद ठेवायला सांगा आणि व्हॉल्व्हच्या लोखंडी चावीला कान लावा. नळ बंद असूनही सळसळ ऐकू येत असेल तर पुढे गळती आहे. कोरड्या दिवसांत गटारात नितळ पाण्याची धार दिसणे, एका जागी गवत जास्त हिरवे असणे, रस्त्याचा एक तुकडा कायम ओला असणे, याही खुणा आहेत. पावसाच्या आधी पाहा, पाऊस लागल्यावर सगळेच ओले.

दुरुस्ती म्हणजे सायकलची ट्यूब गुंडाळणे नव्हे. फुटका तुकडा कापून नवा पाइप व कपलर घाला. गटारातून जाणारी वाहिनी वर उचला आणि गटार ओलांडताना जीआय पाइपच्या बाहीतून न्या. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तळाला खडी भरा, पाणी निघायला वाट ठेवा, वर झाकण बसवा. नळखड्डे बुजवून नळ ओट्यावर, जमिनीपासून वर घ्या आणि प्रत्येकाला तोटी बसवा. तोट्या ग्रामपंचायतीने एकदम घेऊन प्लंबर फिरवला तर काम आठवड्यात होते. घरोघरी ‘बसवा’ म्हणून सांगत राहिलात तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत होत नाही. मोटारींचा विषय ग्रामसभेतच घ्या, ठराव करा आणि पहिली मोटार एखाद्या वजनदार घरची जप्त करा. हे सर्वांत अवघड काम आहे हे आम्हाला माहीत आहे.

दुरुस्तीनंतर तो तुकडा धुवून निर्जंतुक केल्याशिवाय पाणी देऊ नका. आतून ७५ मिलिमीटर पोकळी असलेल्या पाइपात मीटरला साधारण ४.४ लिटर पाणी मावते. ३०० मीटरचा तुकडा म्हणजे सुमारे १,३०० लिटर. त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे चांगली, ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल सुमारे २०० ग्रॅम. आदल्या दिवशी दवंडी द्या, व्हॉट्सअॅपवर टाका: हे पाणी कोणी भरायचे नाही, जनावरांनाही पाजायचे नाही. चोवीस तास भरून ठेवा, मग टोकाच्या नळातून सोडून द्या आणि ओटीचा रंग रोजच्यासारखा फिका होईपर्यंत वाहू द्या. ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.

आता टीसीएलकडे वळू. प्रचलित हिशोब असा: ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर, १,००० लिटरला ५ ग्रॅम. तुमच्या टाकीला २५० ग्रॅम. हिशोब बरोबर आहे, पण पावडर ३३ टक्क्यांची राहते कुठे? तुमचे २५ किलोचे पोते या दराने शंभर दिवस चालेल. तोंड उघडे, जमिनीवर ठेवलेले, पावसाळी हवा. तिसऱ्या महिन्यात त्यात चुनाच जास्त उरतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. पोते आणल्या दिवशी त्यावर तारीख लिहा, पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरा, पिंप फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. त्याच खोलीत आम्ल, डिझेल, खताची पोती नकोत. टीसीएलवर आम्ल सांडले तर विषारी वायू सुटतो. टीसीएलचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासून मिळतो. पाण्याच्या नमुन्याबरोबर तोही पाठवा.

पण रोजच्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, बादल्या पुरतात. तुमच्याकडची टीसीएल ३० ग्रॅम मोजून घ्या, थोड्या पाण्यात लगदा करा, मग एकूण एक लिटर द्रावण करा, ढवळा आणि पंधरा मिनिटे निवळू द्या. पाच स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्यांत टाकीत जाणारेच पाणी प्रत्येकी दहा लिटर मोजून घ्या. सुई काढलेल्या सिरिंजने वरचे नितळ द्रावण पहिल्या बादलीत १ मिली, दुसरीत १.५, तिसरीत २, चौथीत २.५, पाचवीत ३ मिली टाका. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग पाचही बादल्यांची ओटी करा. ज्या बादलीत मोकळा क्लोरीन ०.५ ते ०.७ दिसेल ती तुमची बादली. एक मिली म्हणजे १,००० लिटरला ३ ग्रॅम पावडर. तिसरी बादली आली तर २ मिली, म्हणजे १,००० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ३०० ग्रॅम. या पद्धतीत पावडर किती टक्क्यांची आहे हे माहीत असण्याची गरज उरत नाही, कारण मोजमाप त्याच पावडरीने आणि त्याच पाण्याने होते. महिन्यातून एकदा, नवे पोते फोडले की, आणि ओढ्याला पहिला पूर येऊन गेला की ही चाचणी करायची. पाचव्या बादलीतही रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे किंवा पाणी फारच घाण आहे; नव्या पावडरीने पुन्हा करून पाहिले की कोणते ते कळते.

तुमच्या जलसुरक्षकांनी पावडर टाकीत नुसती भिरकावू नये. ती ढेकळे होऊन तळाला बसते, वरचे पाणी कोरे आणि खालचे जहाल राहते, आणि टाकीखालचा नळ तळाचेच पाणी घेत असल्यामुळे तिथे ओटी गडद पिवळी दिसते. ३०० ग्रॅमचा आधी लगदा, मग १५ लिटर पाणी, पंधरा मिनिटे निवळणे, नितळ पाणी कापडातून गाळून दुसऱ्या बादलीत. खालचा चुना टाकीत घालायचा नाही, खड्ड्यात टाकायचा. टाकी पाव भरली की हे पाणी ओतायचे, म्हणजे वरून पडणाऱ्या पाण्याने ते आपोआप ढवळले जाते. टाकी भरल्यावर निदान अर्धा तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. लाइट उशिरा आली म्हणून भरता भरताच पाणी सोडले तर तो अर्धा तास मिळत नाही, आणि वेळच मिळाला नाही तर क्लोरीन काय करणार? हातमोजे, गॉगल आणि तोंडाला फडके हे सामान ग्रामपंचायतीने द्यायचे आहे. ते जलसुरक्षकाच्या मानधनातून अपेक्षू नका.

टाकीसाठी थोडक्यात: झाकणाला कुलूप, हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धुणे, धुतल्याची तारीख टाकीवर रंगवणे. गाळ काढून भिंती ब्रशने घासा, मग २० लिटरच्या बादलीत २० ग्रॅम टीसीएलचे निवळलेले पाणी भिंतींना लावा, अर्धा तास ठेवा आणि ते पाणी धुण्याच्या व्हॉल्व्हने बाहेर काढा, गावाच्या वाहिनीत नाही. माणूस आत एकटा उतरवू नका. कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस हवाच.

ओढ्याकाठच्या विहिरीचा प्रश्न वेगळा आहे. पुराचे पाणी कठड्यावरून किंवा कडेच्या फटीतून आत उतरत असेल आणि पाणी गढूळ झाले असेल, तर क्लोरीन मातीच्या कणांवर खर्च होतो आणि कणांच्या आड जंतू सुखरूप राहतात. मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. घाण मिसळलेल्या पाण्यावर नुसते औषध वाढवणे किती तोकडे पडते याचे मोठे उदाहरण दिल्लीत १९५५-५६ मध्ये घडले. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन वाढवला गेला. विषमज्वर वाढला नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. जिवाणू मेले, विषाणू तरले. म्हणून पूर आल्यावर दोन-चार दिवस विहिरीचा पंप बंद ठेवून बोअरवर चालवणे हे दुप्पट टीसीएल टाकण्यापेक्षा शहाणपणाचे. पाणी निवळल्यावर विहिरीतच एकदा टीसीएल द्या. मात्रा ठरवायला विहिरीत किती लिटर पाणी आहे ते मोजायचे सूत्र: ३.१४ गुणिले व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, भागिले ४, सगळे मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला १,००० ने गुणले की लिटर. सहा मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर. कठडा उंचावणे, भोवती सिमेंटचा ओटा करून उतार बाहेर काढणे ही उन्हाळ्यातली कामे. यासाठी आणि वाहिनीच्या दुरुस्तीसाठी वित्त आयोगाच्या बंधित निधीतून आराखड्यात तरतूद करता येते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) शिल्लक किती ते लेखी घ्या.

आता आरओ. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात सवलत नाही. बोअरचे ६२ म्हणजे बोअर एकट्याने पिण्यालायक नाही. पूर आलेल्या चार दिवसांत मोठ्यांना त्याने लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना ते पाणी देऊ नये. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडे वाढते. टीसीएलनेही जात नाही. पण तुमच्याकडे विहीर १८ ची आहे. निम्मे बोअर आणि निम्मी विहीर एकाच टाकीत मिसळली तर येतात ४०. म्हणजे दोन्ही पंप किती वेळ चालवायचे एवढे ठरवून, लाखो रुपये न घालवता, हा प्रश्न मर्यादेत बसतो. प्रत्येक पंपाने टाकी एका तासात किती भरते ते एकदा मोजा, त्यावरून तास ठरवा, शक्य तेव्हा विहिरीचा वाटा जास्त ठेवा. आकडे ऋतूनुसार हलतात, म्हणून दोन्हींचे नायट्रेट पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासा. शिवाय बोअरच्या आसपास कोणाचा शोषखड्डा, उकिरडा किंवा गोठा आहे ते पाहा. नायट्रेट बहुधा तिथूनच येते, नाहीतर युरियातून.

आरओ विकायला येणारे लोक ग्रामसभेत दोन खेळ दाखवतील. एक टीडीएस मीटर. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएसही ‘चांगला’ म्हणजे चारशे असू शकतो. दुसरा खेळ दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवण्याचा. तुमच्या ग्लासात तपकिरी गाळ येतो, त्यांच्या ग्लासात नाही. तो गाळ बहुतांशी त्यांच्याच लोखंडी कांडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते, आरओच्या पाण्यात वाहत नाही म्हणून झिजत नाही. एवढे समजावलेत की अर्धी सभा तुमच्या बाजूने येईल.

आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. नंतर टाकी, तोटी, जार, हात यांपैकी कुठूनही घाण लागली तर तिला अडवणारे काही नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले, आणि त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही पाणी दूषित निघाल्याने महापालिकेने बंद केले. जारच्या पाण्याला कोणी ‘शुद्ध’ म्हटले म्हणून ते शुद्ध होत नाही. तुमच्याकडे मिसळण्याला विहीर नसती, किंवा फ्लोराइड दीडच्या वर असते, तर आरओचा विचार आम्ही जरूर सांगितला असता. जुलाब थांबवण्यासाठी मात्र नाही, कारण आंघोळीला, भांड्यांना, चूळ भरायला तुम्ही तेच नळाचे पाणी वापरणार.

शेवटचे काम नमुन्यांचे. जैविक तपासणीला प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच हवी. क्लोरीनचा असर थांबवण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, म्हणून ती विसळायची नाही. पाण्याची रिकामी बाटली भरून नेली तर चांगले पाणीही अयोग्य ठरू शकते. तोटी पुसून ज्योतीने तापवा (प्लास्टिकची असेल तर टीसीएलच्या पाण्याने पुसा), दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा, बर्फात ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोचवा. चोवीस तासांपलीकडे गेलेला नमुना देऊ नका. त्याच वेळी त्याच नळाची ओटी करून आकडा पर्चीवर लिहा. मधल्या काळात एच-टू-एसच्या बाटल्या वापरा: पाणी भरून उबदार जागी ठेवले आणि २४ ते ४८ तासांत काळे पडले तर दूषित. काळी झालेली बाटली ओतण्यापूर्वी तिच्यात टीसीएलचे पाणी घाला. नमुना न्यायच्या सकाळी कोणी टीसीएल दुप्पट टाकू नये यासाठी दिवस आधी जाहीर करू नका.

पाण्याच्या स्रोतांच्या सरकारी स्वच्छता सर्वेक्षणात तुमच्या गावाला हिरवे, म्हणजे धोका कमी असे, कार्ड असेल तर ते दाखवून तुम्हाला गप्प बसवले जाईल. ते कार्ड वर्षातून दोनदा केलेल्या पाहणीचे आहे, आज सुटलेल्या पाण्याचे नाही. गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना अर्ज कराल तेव्हा त्याला ओटीच्या वहीची दोन आठवड्यांची पाने, प्रयोगशाळेचा अहवाल, फुटक्या जागांचे फोटो आणि खालच्या आळीतल्या रुग्णांची तारीखवार संख्या (नावे नकोत) जोडा आणि एकच मागणी लिहा: अमुक व्हॉल्व्हपासून अमुक घरापर्यंतची वाहिनी बदलून मिळावी. ‘गावाला शुद्ध पाणी द्यावे’ अशा अर्जावर कार्यवाही काय करायची हे कोणत्याच कार्यालयाला कळत नाही.